नोटरीच्या कागदावर घटस्फोट होत नाही, आणि मुलांची वाटणीही

पत्र :

मी ३६ वर्षांची, मुलुंडला राहते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी मिस्टर घर सोडून लालबागला त्यांच्या आईवडिलांकडे राहायला गेले. चार महिन्यांपासून घरखर्च बंद केलाय. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या नावावर. मी घरूनच दोन दुकानांचे हिशेब लिहिते, त्यात भागत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी व्हॉट्सॲपवर ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरचा मसुदा पाठवला. त्यात लिहिलंय की आम्ही आपसात घटस्फोट घेत आहोत, मुलगी माझ्याकडे, मुलगा त्यांच्याकडे, मी पोटगी मागणार नाही आणि फ्लॅटवरचा हक्क सोडते. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरी. ते म्हणतात, ‘पाच वर्षांवरचा मुलगा कायद्याने बापाचाच. कोर्टात गेलीस तर मुलगीही जाईल, तुला कमाई कुठे आहे?’ मुलगा शनिवार-रविवार लालबागला जातो. परवा येऊन विचारत होता, ‘आई, मला आणि चिऊला वेगवेगळं करणार का?’ मी सही करू का? की दोघांना घेऊन सांगलीला माहेरी निघून जाऊ? वकिलाकडे जायला पैसे नाहीत, आणि गेले तरी काय विचारायचं ते कळत नाही.
— एक आई, मुलुंड

उत्तर :

प्रिय ताई,

सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आधी.

हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झालेलं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. स्टॅम्प पेपर कितीचाही असो, नोटरीचा शिक्का असो, साक्षीदार असोत, त्या कागदानंतरही तुम्ही दोघं नवरा-बायकोच राहता. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि कायदा ती रूढी मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. अशा कागदाच्या भरवशावर उद्या कोणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न बेकायदेशीर ठरतं आणि तो गुन्हाही होतो.

कागदाला किंमतच नसेल तर सही केल्याने काय बिघडलं, असा विचार तुमच्या मनात येईल. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात वकिली करताना मी हा विचार अनेकींच्या तोंडून ऐकला आहे. बिघडतं ते असं. घटस्फोट म्हणून तो कागद कुचकामी असला तरी पुढे प्रत्येक अर्जात तो तुमच्यासमोर धरला जातो : ‘मुलगा हिनेच राजीखुशीने दिला’, ‘पोटगी नको असं हिनेच लिहून दिलं’. मग ती सही दबावाखाली केली हे सांगत बसण्यात तुमची वर्षं जातात.

आता तारखांकडे बघा. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर याच कायद्याचं कलम १३-ब लागतं. त्यासाठी अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष तुम्ही वेगळे राहत असायला हवं. तुमचे आठच महिने झाले आहेत. म्हणजे तुम्ही दोघं आज हातात हात घालून कोर्टात गेलात तरी तो अर्ज अजून बसत नाही. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं, मग दुसऱ्यांदा दोघांनी उभं राहून ‘आमची संमती कायम आहे’ असं सांगायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग खटल्यात ते सांगितलं आहे. पण तिथेही पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं आहे का, हे बघितलं जातं. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. मुंबईत वेगळं घर परवडत नाही म्हणून एकाच छपराखाली पण नवरा-बायको म्हणून न राहणारी जोडपी पुष्कळ आहेत. कायदा त्यांनाही ‘वेगळे राहणारे’ मानू शकतो, हेही सांगून ठेवते, कारण हा प्रश्न मला नेहमी येतो.

आणि तुमची संमतीच नसेल तर? मग त्यांना एकट्याने अर्ज करून क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग असं एखादं कारण सिद्ध करावं लागेल. स्वतः घर सोडून गेलेल्या माणसाला ‘बायकोने मला टाकलं’ हे सहजासहजी सिद्ध करता येत नाही. ‘आमचं पटतच नाही, लग्न संपलंय’ एवढ्या कारणावर फॅमिली कोर्ट घटस्फोट देत नाही. तो अधिकार घटनेच्या कलम १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, असं २०२३ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं. म्हणून घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. तुमच्या हातातलं हे बळ एका सहीने सोडून देऊ नका.

आता मुलांचं. पत्रातली तुमची खरी भीती हीच आहे आणि याबाबतीत तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलंय.

मिस्टर ज्या कलमाचा आधार घेतात ते हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम ६. त्यात वडील नैसर्गिक पालक आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असं लिहिलंय. त्याच वाक्याला जोडून म्हटलंय की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. यावरून लोक सरळ हिशेब मांडतात : पाचपर्यंत आईचं, पाचव्या वाढदिवसापासून बापाचं. कायद्यात असा हिशेब नाही. नैसर्गिक पालक असणं आणि मूल कोणाजवळ राहणार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय कलम १३ म्हणतं की पालक ठरवताना मुलाचं हित सर्वांत मोठं. बाकी सगळं त्याच्याखाली. ‘त्यांच्यानंतर’ या शब्दावरही १९९९ साली निकाल लागलेला आहे. एका आईने मुलाच्या नावाने रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला आणि बँकेने वडिलांची सही मागितली. लेखिका गीता हरिहरन यांचा हा खटला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडील हयात असतानाही, ते मुलाच्या रोजच्या जबाबदारीत नसतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. आणि मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे, हे तर त्याच न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवलंय.

तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणून तो आपोआप कोणाचा होत नाही. कोर्ट विचारतं ते अगदी साधं असतं. हा मुलगा सकाळी कोणाच्या हाताने उठतो? ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेतं? गणितात अडतो हे कोणाला माहीत आहे? ‘मी चांगली आई आहे’ हे वाक्य अर्जात कितीही वेळा लिहिलं तरी त्याने फार काही होत नाही. शाळेच्या डायरीतल्या सह्या बोलतात. म्हणून आजच एक फाईल करा. लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पालकसभेचे निरोप, फी आणि रिक्षाकाकांचे पैसे तुमच्या खात्यातून गेले असतील तर ते व्यवहार, क्लासच्या बाईंशी झालेलं बोलणं, निकालपत्रावरची तुमची सही. चौथीपर्यंतच्या सगळ्या डायऱ्या माळ्यावर असतील तर खाली काढा. मुलीच्या बालवाडीचंही तसंच. तारखेप्रमाणे लावा. वकिलाला ही फाईल तुमच्या तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगेल.

कमाईचा मुद्दा मनातून काढून टाका. आईचा पगार कमी म्हणून ताबा नाकारला जात नाही. मुलांचा खर्च वडिलांनी द्यायचा असतो, त्यासाठीच तर पोटगीचा कायदा आहे. आणि भावंडांना शक्यतो वेगळं करू नये, असंच न्यायालयांचं साधारण धोरण राहिलं आहे. एक तुझं, एक माझं ही वाटणी स्टॅम्प पेपरवर सोपी दिसते, न्यायाधीशांसमोर तिचं समर्थन करणं अवघड जातं.

मुलगा नऊ वर्षांचा असल्याने न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये एकट्याशी बोलू शकतात. पालक व पाल्य कायदा, १८९० मध्येच म्हटलंय की समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर ती विचारात घेता येते. त्याची पसंती विचारात घेतात, पण निर्णयाचा भार त्याच्यावर टाकत नाहीत. त्या बोलण्याची तयारी त्याच्याकडून कधीही करून घेऊ नका. पढवलेलं मूल दोन प्रश्नांत ओळखू येतं, आणि कोर्टाचा राग त्याला पढवणाऱ्यावर निघतो. त्याने तुम्हाला जे विचारलं, त्याचं उत्तर मात्र त्याला हवं आहे. त्याला सांगा की तू आणि चिऊ एकत्र राहावं म्हणून मी प्रयत्न करतेय, आणि बाबा तुझे बाबाच राहणार आहेत. खोटं वचन नको, बाबांबद्दल वाईट शब्द नको. आजीकडून तिकडे काय बोललं जातं, हे त्याला खोदून विचारू नका.

इथे मी थोडं कठोर बोलणार आहे. तुमच्या मिस्टरांनी तुमच्याशी जे चालवलंय ते चुकीचं आहे. तरीही शनिवार-रविवार बंद करू नका. उलट मुलीलाही भावाबरोबर पाठवा. तिचेही ते वडील आहेत, आणि दोघं बरोबर असतील तर मुलाची अर्धी भीती जाईल. ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला भेटीचा, फोन-व्हिडिओवर बोलण्याचा पुरेसा वाव मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली यशिता साहू खटल्यात सांगितलंय. जो पालक दुसऱ्याला मुलापासून तोडतो, त्याच्याविषयी कोर्टाचं मत बिघडतं. भेटी घरी जमत नसतील तर वांद्र्याच्या कोर्टात मुलांसाठी वेगळी जागा आहे, तिथे त्या होतात. पण तिथली भेट म्हणजे ठरलेल्या वेळेत घड्याळाकडे बघत खेळणं. तुमच्या मुलांवर ती वेळ न येता चाललं तर उत्तम.

जाणं-येणं लेखी ठेवा. उद्याच त्यांना एवढा निरोप पाठवा : ‘मसुदा मिळाला. वकिलांशी बोलल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही. मुलांच्या भेटी आधीसारख्याच चालू राहतील. शनिवारी सकाळी दहाला घेऊन जा, रविवारी संध्याकाळी सातपर्यंत आणून सोडा. घरखर्च, शाळेची फी आणि कर्जाचा हप्ता यांचं काय करणार ते लिहून कळवा.’ यापुढे एक शब्दही जास्त नको. त्यांनी काहीही लिहिलं तरी उद्या हे न्यायाधीश वाचणार आहेत असं समजूनच उत्तर द्या. जुनं चॅट पुसू नका, फोन विकू नका. आणि एखाद्या रविवारी मुलांना परत पाठवलंच नाही, तर लालबागच्या चाळीत जाऊन ओढाताण करू नका. दुसऱ्याच दिवशी वकिलामार्फत तातडीच्या अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) ताब्याचा अर्ज करायचा. महिने गेले की ‘मुलं आता इथेच रुळलीत’ हा मुद्दा उभा राहतो.

हाच मुद्दा सांगलीलाही लागू आहे. बायको जिथे राहते तिथे घटस्फोटाचा अर्ज करण्याची सोय कायद्यात २००३ पासून आहे, त्यामुळे सांगलीत केस चालवणं अशक्य नाही. पण मुलांचं नेहमीचं राहणं मुलुंडला, शाळा मुलुंडला. भर सत्रात गुपचूप उचलून नेलं तर तुमच्याविरुद्ध पहिला अर्ज त्याच कारणाने येईल, आणि मुलाची शाळा, मित्र, बाबा सगळं एका रात्रीत सुटेल. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत जा, निरोप टाकून जा, शाळा सुरू व्हायच्या आत या. मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर यातलं काहीही लागू नाही. तेव्हा आधी बाहेर पडा. ११२ किंवा महिलांसाठीची १८१ लावा.

घरातून मात्र निघू नका. फ्लॅटच्या करारावर तुमचं नाव आहे, तुमच्या सहीशिवाय तो विकता येत नाही. हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालतच नाही, त्यामुळे मसुद्यातली ती ओळही नुसती धाक दाखवायला आहे. आपल्याकडे घटस्फोटात घर आपोआप अर्धं-अर्धं होत नाही. नाव कोणाचं आणि पैसे कोणी घातले, हे बघितलं जातं. म्हणून पहिल्या भरण्यात माहेरून आलेले पैसे, मोडलेले दागिने, तुम्ही नोकरी करत असाल तर तेव्हा भरलेले हप्ते, यांचे पुरावे शोधा. हप्त्याचं गांभीर्य ओळखा. बँकेला तुमच्या भांडणाशी देणंघेणं नसतं, हप्ता चुकला तर दोन्ही कर्जदारांना धरते. मिस्टर हप्ता भरतायत की नाही हे याच आठवड्यात शाखेत जाऊन विचारा. स्टेटमेंट घ्या.

पैशांसाठी घटस्फोटाची वाट बघायची गरज नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. त्याखाली तुम्ही स्वतःसाठी आणि मुलांसाठी आजही पोटगी मागू शकता. घरखर्च अडवून धरणं हा कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली आर्थिक छळ आहे. त्या कायद्याने घरात राहण्याचा हक्क, घर विकण्यावर मनाई, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. दोन्हींपैकी तुमच्यासाठी कुठला रस्ता आधी, हे वकील कागद बघून ठरवतील. २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही आपली मिळकत, कर्ज, खर्च प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून अर्जाला जितका उशीर कराल तितके महिने तुमचे बुडतील. मुलांची पोटगी हा मुलांचा हक्क आहे. तुम्ही ‘नको’ लिहून दिलंत तरी तो संपत नाही.

पुढेमागे खरंच परस्पर संमतीने मिटवायचं ठरलं तर त्यात वाईट काही नाही, बऱ्याचदा मुलांसाठी तेच चांगलं असतं. फक्त अटी वकिलाने लिहिलेल्या असाव्यात, सुट्यांची विभागणी, आजारपण, शाळेची निवड, फोनच्या वेळा एवढ्या तपशिलात. रकमेचा शेवटचा डिमांड ड्राफ्ट हुकूमनाम्याच्या दिवशी हातात पडावा आणि फ्लॅटचे कागद त्याआधी होऊ नयेत. त्याआधी कोर्टातल्या समुपदेशक तुम्हा दोघांना बसवून बोलतील. तिथे मोकळेपणाने बोला, ते बोलणं गोपनीय ठेवलं जातं.

आता वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या कामात स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, हा समज ठेवू नका. त्यात मन लावून काम करणाऱ्या मुली मी रोज बघते.

खासगी वकिलाकडे गेलात तर पहिल्या भेटीतच विचारा : मुलांच्या अंतरिम ताब्याचा आणि पोटगीचा अर्ज एकदम करणार की मागे-पुढे, आणि का? तारखेला स्वतः उभं राहणार की ज्युनियर? फी एकरकमी की दर तारखेला? ‘ताबा शंभर टक्के मिळवून देतो’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्याकडेही नको, बार कौन्सिलच्या नियमांत तशी फी बसत नाही. मूळ लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, फ्लॅटचा करार कोणाकडेही सोडू नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या कागदावर सही वकिलालाही द्यायची नसते. वकील पटला नाही तर बदलता येतो.

कोर्ट बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे, मुलुंडहून कुर्ल्याला उतरून बसने जाता येतं. तारखेला सकाळीच पोचा, बोर्डावर आपला नंबर बघून ठेवा. पुकारा झाला आणि तुम्ही कॅन्टीनमध्ये असलात तर तो दिवस वाया जातो. केस दाखल झाली की तिचा नंबर वकिलाकडून मागून घ्या. ई-कोर्टसच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख तुमची तुम्हालाच दिसेल, कोणाला फोन करून विचारत बसावं लागणार नाही.